रोजच्या कामात हातमोजे: कुठे घालावेत, कुठे अजिबात नकोत

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या अंगठ्याला पेराशी चीर पडली. लिंबू पिळलं की डोळ्यांत पाणी यायचं, साडीची निरी करताना कातडीचा पापुद्रा धाग्यात अडकायचा आणि अंगठीखालची जागा तर सतत लाल. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. मलम लिहून देण्याआधी त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा हात ओले होतात?" मी मोजायला लागले. दूध तापवून हात धुतले, भाजी चिरून धुतले, कणीक मळून धुतले, डबे घासले, ओटा पुसला, सासूबाईंना औषध देण्याआधी धुतले. दुपारचे बारा वाजायच्या आतच आकडा वीसच्या पुढे गेला होता.

त्यांनी हातमोजे घालायला सांगितलं. मी त्याच संध्याकाळी रबरी जोडी आणली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात ते अकरा हातात चढवूनच ठेवली. आठ दिवसांत हात आधीपेक्षा बिघडले. आत घाम साचत होता, बोटं शिजल्यासारखी पांढरी पडत होती आणि त्या ओल्या कातडीला नव्या चिरा जात होत्या. पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाल्या, "अहो, दिवसभर घालायचे नसतात. कामापुरते घालायचे."

या विषयात मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ या वाक्यात आहे. हातमोजा कामाला घालायचा असतो, दिवसाला नाही. ते काम कोणतं, त्याला कोणता मोजा आणि तो किती वेळ, हे ठरवता आलं तर रोजच्या जगण्यात हातमोज्यांना नक्की अर्थ आहे. ते न ठरवता घातलेला मोजा पुष्कळदा नुकसानच करतो.

आधी एक प्रश्न: कशापासून कोणाला वाचवायचंय?

हातमोजे म्हटले की आपल्याला जंतू आठवतात, दवाखाना आठवतो. पण शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे आले ते हात वाचवण्यासाठी. १८८९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या परिचारिकेचे हात निर्जंतुकीकरणाच्या पाऱ्याच्या द्रावणाने सोलवटून निघाले. तिथले शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे बनवून घेतले. पुढे त्या दोघांचं लग्न झालं आणि मोजे हळूहळू सगळ्या शस्त्रक्रियागृहांत पोचले. रुग्णाला संसर्ग कमी होतो, हा फायदा मागाहून ध्यानात आला.

म्हणून मोजा हातात घेण्याआधी स्वतःला विचारायचं: समोर आहे ते पाणी-साबण आहे, आम्ल आहे, चीक आहे, काटा आहे, की दुसऱ्याच्या जखमेचा स्राव? आणि जपायचं कोणाला, मला की समोरच्याला? उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, तर बहुतेक वेळा मोज्याची गरज नसते. भाजी आणायला जाताना, बसमध्ये दांडी धरताना, लिफ्टचं बटण दाबताना मोजा काही साधत नाही. दांडीवर जे असेल ते मोज्याला लागतं आणि तोच मोजा मग मोबाइलला, चष्म्याला, तोंडाला लागतो. २०२० च्या टाळेबंदीत आपण दुकानात मोजे घालून जायचो. जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही सांगत होती की सार्वजनिक ठिकाणी मोज्यांपेक्षा हात धुणं जास्त उपयोगाचं.

कुठे घालावेत

सगळ्यात वरचा क्रम भांड्यांचा. त्वचेचा स्वभाव किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण पाच. अंगाच्या किंवा कपड्यांच्या साबणाचा नऊ-दहा. भांड्यांच्या द्रवाचा पीएच तेवढा चढा नसला तरी त्याचं कामच तेल सोडवण्याचं, आणि ताटाचं तेल सोडवताना तो कातडीवरचं तेलही नेतो. त्यात गरम पाणी आणि तारेची घासणी यांची भर पडली की कातडीचा वरचा थर फुगतो, उलतो. जर्मनीत कामगारांच्या सुरक्षेसाठी 'ओल्या कामा'ची मोजपट्टी वर्षानुवर्षं अशी होती: पाळीत दोन तासांहून जास्त वेळ हात ओले, किंवा वीसहून जास्त वेळा हात धुणं, किंवा दोन तासांहून जास्त वेळ हवाबंद मोजे. तिसरी अट पुन्हा वाचा. मोज्यातला घामही ओल्या कामातच धरलेला आहे. माझ्या त्या आठ दिवसांचं उत्तर त्यात होतं.

या मोजपट्टीने बघितलं तर मोज्यांची खरी गरज माझ्याहून जास्त आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना. रोज सहा घरं, प्रत्येक घरी पाऊण तास. त्यांच्या बोटांच्या पेरांवर काळ्या भेगा आहेत, हिवाळ्यात त्यातून रक्त येतं. मी त्यांना जोडी आणून दिली तर दोन दिवसांनी ती ओट्याखाली पडलेली. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ताई, हात फिरतो त्यात. परवा काचेचं वाटकं निसटता निसटता राहिलं." मी त्यांना मोठ्या मापाचे दिले होते आणि त्यांचा हात लहान. मापाचं पुढे सांगते, पण एवढं आत्ताच म्हणते: घरात कामाला येणाऱ्या बाईंसाठी त्यांच्या मापाची जोडी आणून ठेवणं हा आपला खर्च आहे, त्यांचा नाही.

संडास-मोरी साफ करताना मोजे हवेतच. संडास धुण्याच्या द्रवात बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि सुटं मिळणारं 'ॲसिड' त्याहूनही तीव्र असू शकतं. मोजे घातले म्हणून ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतायचं मात्र नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तो हाताला सोडून छातीला धरतो.

मिरची. एप्रिल-मेमध्ये सांडगी मिरची भरायला बसलं की दीड-दोन किलो मिरच्या चिरून, बिया काढून, मसाला भरेपर्यंत हातांची आग आग होते. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून नुसतं पाणी ओतून आग जात नाही. पातळ नायट्राइलचे, म्हणजे तेलाला दाद न देणाऱ्या कृत्रिम रबराचे, मोजे घालून बसा. विसरलात, तर आधी हाताला तेल चोळा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. मोजे काढल्यावरही डोळ्यांना हात लावायची घाई नको, लेन्स लावणाऱ्यांनी तर नकोच.

आपल्याकडे तेलाचा हात हाच जुना हातमोजा आहे. फणस कापताना, सुरण किंवा अळू चिरताना तेल चोळून घेतात ते खुळेपणाचं नाही. फणसाचा चीक तेलामुळे चिकटून बसत नाही. सुरणा-अळवात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात, त्या कातडीत टोचल्या की खाज सुटते. फणसाला तेल पुरतं. सुरणाला मोजा जास्त चांगला, कारण सुया तेलातूनही टोचू शकतात.

काजू आणि बिब्बा मात्र वेगळ्या पंक्तीतले. दोन्ही झाडं एकाच कुळातली आणि दोघांच्या टरफलात जहाल तेल. कोकणात, गोव्यात ओले काजूगर सोलणाऱ्यांच्या बोटांची कातडी काळी पडून सोलवटते. राख नाहीतर तेल लावून काम करण्याची रीत आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. दोन-चार बिया असल्या तरी नायट्राइलचे मोजे घाला. आणि बिब्बा उतलेला ज्याने पाहिलाय त्याला मी वेगळं सांगायला नको.

बागेत गुलाबाचे काटे, खत-माती आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाजरगवत. हे गवत भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदवलं गेलं ते पुण्यात, १९५० च्या दशकाच्या मध्याला. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. उपटायचं असेल तर फुलावर येण्याआधी, मोजे आणि पूर्ण बाह्या घालून.

सिमेंट. घरात फरशी बसवताना, चीर बुजवताना आपण बिनधास्त हाताने सिमेंट कालवतो. ओलं सिमेंट चुन्यासारखं जळजळीत, पीएच बारा-तेरा. त्यात क्रोमियम असलं तर कायमची ॲलर्जी जडू शकते. गवंडीकाकांना मोजे द्या, आणि सिमेंट मोज्याच्या आत गेलं तर लगेच काढून हात धुवायला सांगा.

केसांना कलप लावताना पाकिटातले प्लॅस्टिकचे मोजे असतात, ते नसण्यापेक्षा बरे. घरात आजारी माणसाचा लंगोट बदलताना, जखम धुताना वापरून फेकायचे मोजे घाला. एका कामाला एक जोडी, आणि काढल्यावर हात धुणं. मोज्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात, म्हणून मोजा हा हात धुण्याला पर्याय नाही.

दुचाकीबद्दल थोडंसं. पडताना माणूस आधी हात टेकवतो आणि तळव्याची कातडी रस्त्याला जाते. पुण्यात रस्त्यावर मिळणारे लांब सुती मोजे उन्हासाठी चांगले, पण घसरून पडल्यावर त्यांचा उपयोग नाही. तळव्याला चामडं किंवा जाड अस्तर असलेले, मनगटाला पट्टा असलेले मोजे घ्या.

कोणत्या कामाला कोणता

दुकानात 'ग्लोव्हज द्या' म्हणून मागू नका, पदार्थ सांगून मागा. लेटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर. हाताला घट्ट बसतं, पाण्या-साबणाला उत्तम, पण तेल, तूप, पेट्रोल लागलं की फुगून कमजोर होतं. नायट्राइल तेलाला दाद देत नाही, मात्र नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनपुढे तो हरतो. व्हिनाइल स्वस्त, ढिला आणि लवकर फाटणारा, दोन मिनिटांच्या किरकोळ कामापुरता. हॉटेलात दिसतात ते सुळसुळीत पॉलिथिनचे मोजे घरात कशालाच पुरे पडत नाहीत. सुती मोजा कोरड्या कामाला किंवा रबरी मोज्याच्या आत घालायला. ओल्या कामाला नुसता सुती मोजा घातला तर तो पाणी, औषध, ॲसिड सगळं शोषून कातडीशी धरून ठेवतो.

हे शेतकऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी आणि शेतमजूर गेले. फवारा श्वासावाटे आत जातोच, पण औषध कातडीतूनही अंगात जातं, आणि सगळ्यात तीव्र औषध हाताशी येतं ते बाटलीतून ओतताना, बादलीत ढवळताना. तिथे अस्तर नसलेले, लांब बाहीचे नायट्राइल मोजे हवेत. कमरेखाली फवारायचं असेल तर शर्टाची बाही मोज्याच्या वरून, डोक्यावर फवारायचं असेल तर बाही मोज्याच्या आत, म्हणजे ओघळ आत शिरत नाही. काम संपल्यावर आधी मोज्यांसकट हात धुवायचे, मग मोजे काढायचे. ढवळायला काठी वापरायची, ती मोजे असले तरी.

चुकीचा मोजा काय करतो याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या मोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब पडले. ते द्रव्य लेटेक्समधून काही सेकंदांतच पार होतं, हे मागाहून चाचण्यांत कळलं. पुढच्या जूनमध्ये त्या गेल्या. आपल्या घरात असलं भयंकर काही नसतं. पण 'मोजा घातलाय ना' म्हणून आपण निर्धास्त होतो, तो निर्धास्तपणा तोच असतो.

आणि विजेच्या कामाला भांड्यांचे रबरी मोजे मुळीच चालत नाहीत. त्यासाठी वेगळे, भारतीय मानकाची खूण असलेले मोजे असतात. घरात मेन स्विच बंद करणं हाच खरा उपाय.

माप, घालणं, काढणं

अंगठा वगळून तळव्याच्या सगळ्यात रुंद भागाभोवती टेप फिरवा. सात इंचाच्या आसपास असेल तर लहान, आठला मध्यम, नऊला मोठा. मावशींचं माप पावणेसात निघालं. लहान मापाची, तळव्याला खवले असलेली जोडी आणली आणि तिच्यात काचेचं वाटकं निसटलं नाही. बोटांच्या टोकाला मोकळी जागा लोंबत असेल तर माप मोठं, मूठ वळताना ताण येत असेल तर लहान.

घालण्याआधी अंगठ्या, बांगड्या काढा. अंगठीखाली साबण साचतो आणि तिथूनच दुखणं सुरू होतं. हात कोरडे करा, अगदी बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मोज्यात फुंकर भरून मनगटाशी पिळून धरा. हवा सुटत असेल तर तो मोजा टाकून द्या. मोज्याचं तोंड बाहेरून दोन बोटं दुमडा, म्हणजे हात वर केल्यावर पाणी कोपराकडे न जाता दुमडीत अडतं.

काम दहा-पंधरा मिनिटांहून जास्त चालणार असेल तर आत पातळ सुती मोजे. हे मी सगळ्यात उशिरा शिकले आणि यानेच मला गुण आला. सुती मोजा घाम टिपतो. तो ओलसर झाला की बदलायचा, म्हणून तीन-चार जोड्या ठेवा. मोज्याच्या आत पाणी शिरलं तर काम तिथेच थांबवा. आत कोंडलेलं साबणाचं पाणी उघड्या हातावरच्या पाण्यापेक्षा वाईट.

काढताना बाहेरची बाजू हाताला लागता कामा नये. भांड्यांचे मोजे हातात असतानाच धुवा आणि बोटाबोटाने ओढून काढा. फेकायचे असतील तर एका हाताने दुसऱ्या मोज्याला मनगटाशी बाहेरून धरा आणि उलटा करत काढा. तो गोळा मोजा असलेल्या मुठीत धरा. मग मोकळ्या हाताचं बोट उरलेल्या मोज्याच्या आतून, कातडीच्या बाजूने घाला आणि तोही उलटा करत ओढा. पहिला दुसऱ्याच्या पोटात जातो. जखमेचे किंवा लंगोटाचे मोजे कागदात गुंडाळून, वरून खूण करून कचऱ्यात द्या. कचरा हाताने वेगळा करणारी माणसं त्या पिशवीत हात घालणार असतात.

नंतर हात धुऊन, टिपून, लगेच जाडसर मलम किंवा व्हॅसलीन. एक पथ्य आहे: लेटेक्सचा मोजा घालण्याआधी तेलकट काही लावायचं नाही, त्याने रबर विरतं. भेगा जास्त असतील तर रात्री व्हॅसलीनचा जाड हात फिरवून वर सुती मोजे घालून झोपा.

मोजे घातल्यावर काही मिनिटांतच खाज, गांधी, शिंका किंवा दम लागणं सुरू झालं तर ती लेटेक्सची ॲलर्जी असू शकते. मोजे काढा. दम लागला असेल तर तडक दवाखाना गाठा. अशा माणसांना केळं, किवी, अवाकाडो यांचाही त्रास होऊ शकतो. एक-दोन दिवसांनी मनगटाशी रेघ मारल्यासारखी खाजरी लाली उठली तर ती बहुधा रबर पक्कं करणाऱ्या रसायनांची. ही रसायनं नायट्राइलमध्येही असतात, म्हणून नुसता पदार्थ बदलून भागेलच असं नाही, डॉक्टरांना दाखवा.

कुठे अजिबात नकोत

फिरत्या यंत्राजवळ नकोत. ड्रिल, ग्राइंडर, कडबाकुट्टी, मळणी यंत्र, उसाच्या रसाचा चरक. मोज्याचं टोक दातात किंवा रुळात सापडलं की ते बोटाआधी आत जातं आणि हाताला ओढून नेतं. उघडा हात मागे घ्यायला निदान क्षणभर मिळतो.

गॅसजवळही रबरी-प्लॅस्टिकचे मोजे नकोत. ते वितळून कातडीला चिकटतात आणि सोलताना कातडी घेऊन येतात. गरम भांड्याला जाड सुती फडकं किंवा पकड घ्या, आणि फडकं कोरडं असू द्या. ओल्या फडक्यातून चटका लवकर पोचतो.

स्वयंपाकालाही मी मोजे घालत नाही. भाकरी थापताना पिठाचा ओलेपणा तळव्यालाच कळतो. धुतलेला हात पुरेसा स्वच्छ असतो. कॅलिफोर्नियाने २०१४ च्या सुरुवातीला तयार अन्नाला उघडा हात लावण्यावर बंदी आणली होती आणि त्याच वर्षी ती मागे घेतली. पाणीपुरीवाला मोजे घालून पुरी फोडतो आणि त्याच मोज्याने सुट्टे पैसे परत देतो, तेव्हा मोजा नसता तर निदान त्याला हात चिकट लागला असता, धुवावासा वाटला असता. मिरची, सुरण सोडले तर अपवाद एकच: बोटाला पिकलेली जखम असेल तर त्यातल्या जंतूंचं विष अन्न उकळूनही जात नाही. तेव्हा पट्टी, वर मोजा, आणि शक्य असेल तर त्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्याने करावा.

जोडी टिकवायची कशी

संडासाची आणि भांड्यांची जोडी कधीच एक नको. आमच्याकडे लाल संडासाची, हिरवी भांड्यांची, आणि त्या एका खुंटीला टांगत नाही. वापरून झालं की बाहेरून धुवायची, उलटी करून आतून वाळवायची, बोटं खाली करून चिमट्याला लावायची, उन्हात नाही, सावलीत. ऊन रबराला चिवटपणा राहू देत नाही. चिकट लागायला लागली किंवा बोटांच्या बेचक्यात बारीक रेषा दिसल्या की बदलायची.

उजवा मोजा नेहमी आधी फाटतो, कारण घासणी त्याच हातात असते. म्हणून मी एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या दोन जोड्या घेते. उजवे दोन्ही फाटले की उरलेल्या डाव्यांपैकी एक उलटा करून उजव्या हाताला घालते. आत अस्तर नसेल तर चांगला बसतो. आणि फाटलेल्यांच्या मनगटाच्या कात्रीने गोल चकत्या कापते. पोह्यांच्या आणि रव्याच्या पिशव्यांना त्या मावशींनीच बांधायला सुरुवात केली.